वजनकाटा नको, टेप आणा

मुंबईला फोन केला आणि कोविडचा विषय निघाला, की माझे मामा ठरलेलं वाक्य बोलतात: "तुमच्या इंग्लंडात माणसं गेली ती जाडेपणामुळे. आपल्याकडे तसं नाही." मुलुंडला त्यांच्या सोसायटीत बहुतेकांचं हेच मत आहे. लेस्टरमध्ये बसून मला या मताची भीती वाटते.

त्यातलं अर्धं खरं आहे. एप्रिल २०२० मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते. बरे झाल्यावर आपलं वजन फार होतं हे त्यांनी उघड सांगितलं आणि जुलैमध्ये सरकारने वजन कमी करण्याची मोहीम काढली. त्याच महिन्यात पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्यसंस्थेचा अहवाल आला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ ते ४० असेल तर कोविडने मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, ४० च्या वर गेला तर सुमारे ९० टक्क्यांनी, असं त्यात होतं. पोटातली चरबी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा, वर ढकलते, त्यामुळे फुप्फुसांच्या खालच्या भागात हवा नीट पोचत नाही. शिवाय ही चरबी शरीरात सतत मंद दाह ठेवते, रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढवते आणि जोडीला बहुतेकदा मधुमेह आणते.

पण ही चरबी मोजायची कशी? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. हात-पाय बारीक आणि पोट सुटलेलं, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी ठेवण. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या पुढे गेली की धोका मानतात. इंग्लंडने लसीच्या प्राधान्यगटात ४० च्या वर बीएमआय असलेल्यांना घेतलं. भारताच्या मार्च २०२१ च्या लसीसाठीच्या सहव्याधींच्या, म्हणजे आधीपासूनच्या आजारांच्या, यादीत लठ्ठपणा नव्हताच. अशी ठेवण असलेला मामांसारखा माणूस या दोन्ही याद्यांतून निसटला असता. इथे दक्षिण आशियाई लोक गोऱ्यांपेक्षा जास्त प्रमाणात दगावले. दाटीची घरं आणि रोज बाहेर पडावं लागणारी कामं ही त्याची कारणं होतीच, पण मधुमेहही होता.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने कार्यालयांत खाण्यातलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लावायला सांगितले, तेव्हा तिकडे वाद पेटला तो वडापाववर घाला आला म्हणून. मला तो वाद भरकटलेला वाटला. सहाला बदलापूर सोडून रात्री नऊला परतणाऱ्याने स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, तर त्याला दोष काय द्यायचा? त्याला परवडेल असं दुसरं गरम काय मिळतं तिथे? आणि चालायचं म्हटलं तर फूटपाथ कुठे आहे?

इथली एक गोष्ट मुंबईने जरूर घ्यावी. मार्च २०२० च्या कडक लॉकडाऊनमध्येही इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडता येत होतं. मुंबईत मॉर्निंग वॉकला निघालेल्यांना पोलीस अडवत. ३ जूनपासून चालायला मोकळीक मिळाली, जिम उघडल्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला. धारावीसारख्या वस्तीची धास्ती मला समजते. तरी ज्या आजारात सुटलेलं पोट जीवावर बेततं, त्याच आजारात माणसांना महिनोन्महिने घरात बसवून ठेवणं मला आजही पटत नाही. पुढची साथ आली तर चालण्याची परवानगी पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.

आणि साथीची वाट कशाला पाहायची? महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त बीपी आणि शुगर तपासतात, त्याच कागदावर कंबरेचं माप लिहा. शिंप्याकडची टेप पुरते. माप घेताना बाईला आडोसा द्या, कोणालाही 'जाडे' म्हणू नका. जाडीवरून टोमणे खाल्लेला माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, हे मी इथेही पाहिलंय आणि गिरगावातही.