अकलूजची वाईन सोलापुरात ग्लासावर कधी मिळणार?

सोलापूरकराला खाण्यातलं कोणी शिकवायला जाऊ नये. शेंगाचटणी कोणाची चांगली, भाकरी किती कडक असावी, सावजी खानावळीतल्या रश्श्यावर तर्री किती हवी, यावरून इथे सख्ख्या भावांत अबोला होतो. पण हाच माणूस संध्याकाळी परमिट रूममध्ये बसला की आपण काय पितोय याकडे त्याचं लक्षच नसतं. "नेहमीचं आण" एवढंच. मग सगळी चर्चा चखण्यावर. शेंगदाणे खरपूस आहेत का, चटणी घरची आहे का, कांदा नीट बारीक चिरलाय का. ग्लासातलं कसंही असो, घशाखाली गेलं की झालं.

माझं भांडण आहे ते याच्याशी. आपली जीभ एवढी तयार, आणि प्यायच्या वेळी तिला सुट्टी!

आता मुद्द्याचं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीची वायनरी आहे. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून २००७ च्या सुमारास ती उभी केली. वाईन करायला इटलीच्या टस्कनी भागातले पिएरो मासी आले. सांजोवेसे ही टस्कनीची द्राक्षाची जात, इटलीतल्या प्रसिद्ध कियांती वाईनचा जीव तिच्यातच. ती आपल्या उसाच्या पट्ट्यात लावली गेली आणि रुजली. त्यांची 'सेत्ते' नावाची रेड वाईन मुंबई-दिल्लीच्या चांगल्या हॉटेलांत मेनू कार्डावर असते. सोलापुरात? बहुतेकांना ती आपल्याच जिल्ह्यात होते हेही माहीत नाही. आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "अकलूज म्हणजे साखर कारखाना आणि घोडेबाजार. वाईन कुठली काढलीस बे?"

आणि द्राक्ष आपल्याला नवं थोडंच आहे? सोलापूरजवळचं नान्नज म्हटलं की बाहेरच्यांना माळढोक पक्षी आठवतो, आपल्याला द्राक्षं. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती तिथल्याच नानासाहेब काळे यांनी शोधून वाढवल्या, आणि आज महाराष्ट्रभर त्यांच्या बागा आहेत. फक्त एक लक्षात घ्या, खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष यांत फार फरक. खायचं हवं मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं. वाईनचं बारीक, जाड सालीचं, बियांचं. रंग आणि तुरटपणा सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून सोनाकाची वाईन करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. छाटणीचं वेळापत्रक मात्र दोन्हीकडे साधारण सारखंच: एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळासाठी गोडीबार छाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चला तोडणी. युरोपात थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे त्याला झोप अशी नाहीच, म्हणून वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. बागाईतदाराला यात सांगण्यासारखं काही नाही, पण शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला मोटेवाडीच्या बागेत उभं राहून हे पहिल्यांदा कळलं.

मागे मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही चौघी होटगी रोडच्या बाजूला एका बऱ्यापैकी हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडेही हेच होतं. वाईन आहे का विचारलं. वेटर आत गेला, मॅनेजरशी बोलून आला. "मॅडम, वाईन नाही, ब्रीझर आहे." पुन्हा विचारलं, तर काउंटरवरच्या शोकेसमधून एक बाटली आली. ट्यूबलाइटखाली उभी, मे महिना, आणि लेबल उन्हानं पिवळं पडलेलं. ओतली तर वास शिळ्या चिंचेच्या पाण्याचा. त्या पोराचा काय दोष? त्याला कोणी शिकवलंच नाही की वाईनची बाटली आडवी, अंधारात आणि थंड ठेवायची. बुचाची असेल तर बूच ओलं राहायला हवं, नाहीतर ते आक्रसतं आणि हवा आत जाते.

त्यात 'रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य कोणीतरी कुठूनतरी उचलून आणलंय. अहो, ते रूम टेंपरेचर तिकडच्या दगडी घरांचं, सोळा-अठरा अंशांचं. आपल्या उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर, आणि बंद खोलीत पंखासुद्धा गरम वारा फेकतो. तेवढ्या गरम रेडमध्ये अल्कोहोलच नाकात जातं, फळाची चव कुठल्या कुठे. प्यायच्या आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट त्याहून जास्त वेळ. कोणी हसलं तर हसू द्या.

आता खाण्याकडे वळते, कारण खरी गंमत तिथे आहे.

तिखट आणि अल्कोहोल यांचं फारसं जमत नाही. मिरचीची आग अल्कोहोलनं वाढते, आणि रेड वाईनमधला तुरटपणा त्या आगीत भर घालतो. म्हणून झणझणीत सावजी मटणाबरोबर जडशी रेड घेतली तर दोघांचंही वाटोळं होतं. पण शेंगाचटणीचं वेगळं आहे. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ उखळात कुटत राहायचं, शेंगदाण्याला तेल सुटून चटणी ओलसर होईपर्यंत. बोटांनी दाबली की वडी होते आणि बोटांना तेल लागतं, ती खरी. त्या तेलामुळे तिखट जिभेवर एकदम चढत नाही, मागून येतं. हिच्याबरोबर थंडगार शेनिन ब्लाँक ही व्हाइट वाईन घेऊन बघा. जरा गोडसर, आंबटसर. शेंगदाण्याचा खरपूसपणा तसाच राहतो, वाईनमधलं फळ वर येतं. विकतची नसलेंची चटणी घ्या नाहीतर आईच्या हातची, सोबत कडक भाकरीचा तुकडा. चीज-क्रॅकर्सचं ताट मला पुण्यात देतात, मी निमूट खाते, पण मनात म्हणते, आमची भाकरी याच्या दसपट चांगली कुरकुरते.

सावजीत गेलात तर आधी आळणी मागवा. मसाला न पडलेलं मटणाचं पाणी, हळद-मीठ आणि वर तरंगणारं तूप. सांजोवेसेत आंबटपणा चांगला असतो, तो या तुपाला कापतो. म्हणजे वाईन आळणीबरोबर, आणि काळा रस्सा नंतर भाकरी चुरून, वाईन बाजूला ठेवून. सावजीत वाईन मिळत नाही आणि तिथे ती न्यायचीही नाही, हे मला ठाऊक आहे. मी घरी आळणी मागवून हा उद्योग करते. नवऱ्याचं मत या विषयावर विचारू नका.

लिंगायत खानावळीत मात्र वाईनचं नाव काढू नका, तिथे ताकच. भरलं वांगं, पेंडपाला, धपाटं, त्यावर दही. दूध-ताकातलं केसिन नावाचं प्रथिन मिरचीची आग जिभेवरून ओढून नेतं, पाण्यानं ते होत नाही. आपल्या आज्यांना केसिन माहीत नव्हतं, पण ताकाचा तांब्या पानाशेजारी असायचाच. हुरड्याच्या दिवसांतही तेच. कोवळा हुरडा, गूळ, चटणी, आणि मातीच्या मडक्यातलं ताक. तिथे वाईन आणणाऱ्याला मी स्वतः शेताबाहेर काढीन.

शिंदीबद्दल न लिहिता पुढे गेले तर सोलापूरकर माफ करणार नाहीत. झाडावरून पहाटे उतरवलेली नीरा ही खरं तर फार नाजूक गोष्ट. ऊन चढलं की ती आपोआप आंबून तिची शिंदी होऊ लागते, म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. ताजी, थंड, किंचित नारळाच्या पाण्यासारखी. पण गिरण्यांच्या काळापासून या शहरानं शिंदी-ताडीचं जे रूप पाहिलंय ते वेगळं. पुढे तर झाडाचा थेंबही नसलेली, क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन कालवलेली ताडी विकली गेली आणि शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची धूळधाण झाली. त्यामुळे "प्यायचं काय कौतुक करता?" असं कोणी विचारलं तर मी त्याला मागास म्हणत नाही. त्याच्या घरात काय झालंय ते मला माहीत नसतं.

म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय सरकारनं घेतला आणि गदारोळ झाला, तेव्हा माझा ओढा विरोधकांकडेच होता. तांदळाच्या पिशवीशेजारी बाटली मलाही नको. मला हवाय एक ग्लास. जेवणाबरोबर, टेबलावर, बिलात लिहिलेला.

हॉटेलवाल्यांचं म्हणणं, ग्लासावर विकायला परवडत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. एक विकला गेला आणि चार राहिले तर तीन-चार दिवसांत ती बाटली गेली. हे खरं आहे. पण आता २५० मिलीच्या कॅनमध्येही वाईन मिळते. फोडा, ओता, संपलं. दोन डझन कॅन फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायला काय अडचण आहे, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. शिवाय मेनू कार्डावर 'आपल्या जिल्ह्यातली' एवढं लिहा की. चादर घेताना आपण सोलापुरीच मागतो, डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याचं पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं तर विचारूच नका.

आणि ते फॅमिली सेक्शनचे पडदे काढा हो. लाकडी पार्टिशन, मरून पडदा, आत घुसमटलेला एसी. आम्ही चौघी बाया काही लपून बसायला येत नाही. पार्क चौपाटीवर रस्त्याच्या कडेला उभं राहून हजार लोकांसमोर तोंड माखत पाणीपुरी खातो, तर एक ग्लास वाईन उजेडात बसून प्यायला काय झालं?

तोवर माझ्या घरी या. अकलूजची शेनिन फ्रिजमध्ये असते. चटणी, कडक भाकरी, थोडी शेंगाची पोळीही मिळेल. हिच्या गोडाबरोबर वाईन जात नाही, म्हणून ती शेवटी आणि नुसती तुपाबरोबर. गाडी चालवणाऱ्याला ताक, आणि त्याला चटणी दुप्पट.