"एक फोर्सेप्स पुरे" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

फुफ्फुसातल्या गाठीच्या बायोप्सीबद्दल एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय, आणि तो वाचून खरंच काळजी वाटली म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आता नेव्हिगेशन (सीटीच्या नकाशावरून वाट दाखवणारी यंत्रणा) आणि रोबोट आलेत, त्यामुळे श्वासनलिकेतून घातलेली दुर्बीण बरोबर गाठीवरच जाते, फोर्सेप्सने (बारीक चिमट्याने) एक तुकडा घेतला की काम झालं, सुई आणि ब्रश म्हणजे नुसतं बिल वाढवणं, क्रायो (गोठवून तुकडा काढणं) तर जीवघेणं, अगदी खात्रीच हवी असेल तर छातीतून सुई घाला, आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला की विषय संपला. यातला एकेक मुद्दा घेऊ.

"नेव्हिगेशन असलं की दुर्बीण गाठीवर जातेच"

नेव्हिगेशनचा नकाशा आधी काढलेल्या सीटीवरून बनतो. तो सीटी काढताना पेशंट जागा असतो, छातीभर श्वास घेऊन रोखलेला असतो. प्रोसिजरच्या वेळी मात्र भूल दिलेली, श्वास मशीनवर, फुफ्फुस तेवढं फुगलेलं नाही, आणि पाठीकडचा खालचा भाग तर बघता बघता थोडा मिटायलाही लागतो. त्यामुळे स्क्रीनवर गाठ जिथे दिसते आणि शरीरात ती खरी जिथे असते यात फरक पडतो, फुफ्फुसाच्या खालच्या भागात (लोबमध्ये) जास्तच, आणि गाठ सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची असेल तर तेवढ्या फरकात ती सरळ हुकते. म्हणून तर पोचल्यावर रेडियल ईबस (नळीतून जाणारा बारीक सोनोग्राफी प्रोब), फ्लुरोस्कोपी (चालू एक्स-रे) किंवा कोन बीम सीटी (प्रोसिजरच्या टेबलावरच काढायचा सीटी) लावून पुन्हा बघतात.

बरं, ईबसवर गाठ दिसली तरी काम संपत नाही. तुकडा घ्यायच्या आधी ईबसचा प्रोब बाहेर काढावा लागतो, कारण फोर्सेप्सही त्याच बारीक नळीतून जाणार असतो. म्हणजे नेमका तुकडा घेताना ईबसचं चित्र समोर नसतं. त्यात फोर्सेप्स ताठ, वाकवलेल्या टोकातून तो पुढे सरकवला की टोक सरळ व्हायला बघतं आणि तोंड दुसरीकडे वळतं. नेव्हिगेट नावाच्या मोठ्या अभ्यासात हजाराहून जास्त पेशंट होते, वर्षभर फॉलोअप घेतल्यावर निदान झाल्याचं प्रमाण आलं साधारण ७३ टक्के. म्हणजे चारातल्या एकाच्या हाती नेव्हिगेशन असूनही पक्कं काही लागलं नाही. "जातेच" हा शब्द इथे बसत नाही.

"फोर्सेप्स पुरे, सुई-ब्रश बिलासाठी"

हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. फोर्सेप्स श्वासनलिकेच्या पोकळीतून पुढे जातो आणि समोर जे येईल त्याचा चिमटा घेतो. नलिका गाठीच्या आत शिरत असेल, म्हणजे ईबसवर गाठ प्रोबच्या चारी बाजूंनी दिसत असेल, तर फोर्सेप्स छान काम करतो. पण गाठ नलिकेच्या बाहेरून नुसती टेकलेली असेल, ईबसवर एकाच बाजूला दिसत असेल, तर फोर्सेप्स कितीही वेळा उघडा-मिटा, हाती येणार ते भिंतीचं चांगलं अस्तर. अशा वेळी भिंत भेदून पलीकडे जायला सुईच लागते. अमेरिकेतल्या अॅक्वायर रजिस्ट्रीचा (दुर्बिणीच्या तपासण्यांच्या नोंदवहीचा) २०१६ साली आलेला अहवाल बघा: ५८१ पेशंट, निदान निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांचं झालं, सुई वापरली तिथे ते जास्त वेळा झालं, आणि तरी सुई वापरली गेली फार थोड्या केसेसमध्ये. म्हणजे तक्रार करायचीच तर सुई वापरली नाही याची करायला हवी.

ब्रशने पेशी खरवडून येतात, सलग तुकडा मिळत नाही, तरी अरुंद जागी जिथे फोर्सेप्स उघडत नाही तिथे कधीकधी ब्रशमध्येच निदान सापडतं. शिवाय नुसतं "कॅन्सर आहे" एवढ्यावर हल्ली भागत नाही, ईजीएफआर, एएलके (कॅन्सरमधले जनुकीय बदल), पीडी-एल१ (कॅन्सर पेशींवरचं प्रथिन) अशा टेस्ट लागतात, गोळी चालेल की इम्युनोथेरपी हे त्यावर ठरतं. पीडी-एल१च्या नेहमीच्या टेस्टला किमान शंभर जिवंत कॅन्सर पेशी स्लाइडवर लागतात. फोर्सेप्सचा तुकडा असतो जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, त्यात अर्धा चिमट्यात चेंगरलेला, एकाच तुकड्यात हे सगळं कसं बसणार? टीबीची शंका असेल तर एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा द्यावा लागतो, कारण फॉर्मलिनमध्ये टाकला की त्यातले जंतू मरतात आणि कल्चर होत नाही.

हो, दर वेळी सगळीच हत्यारं काढायची गरज नसते हे मान्य. सायटोलॉजीवाले (पेशी तपासणारे) तिथल्या तिथे स्लाइड रंगवून बघत असतील आणि पुरेसा माल आलाय म्हणाले तर थांबता येतं.

"क्रायो जीवघेणं"

क्रायोप्रोबचं टोक कार्बन डायऑक्साइडने काही सेकंदांत गोठतं आणि ओल्या बोटाला बर्फ चिकटावा तसा आजूबाजूचा टिश्यू त्याला चिकटून अख्खा निघून येतो. तुकडा मोठा, न चेंगरलेला, आणि गोठणं चारी बाजूंना होत असल्यामुळे कडेची गाठही थोडीफार हाती लागते. रक्तस्रावाचा धोका खराच आहे, तो कुणी लपवू नये. जाड प्रोब असेल तर तुकड्यासकट दुर्बीणच बाहेर काढावी लागते आणि तेवढा वेळ आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून श्वासनलिकेत ट्यूब, गरज पडली तर फुग्याने नलिका बंद करायची सोय, अशी तयारी ठेवूनच करतात. १.१ मिलिमीटरचा बारीक प्रोब आल्यापासून तुकडा दुर्बिणीतूनच ओढून घेता येतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायलाच हवं, कुणी विचारलं नाही तरी.

"छातीतून सुई जास्त खात्रीची"

२०२५ साली व्हेरिटास ट्रायल आली, १० ते ३० मिलिमीटरच्या गाठी, एका गटाला नेव्हिगेशन ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीची तपासणी) आणि दुसऱ्याला सीटी बघत छातीतून सुई. अचूक निदान ७९ टक्के विरुद्ध ७३.६ टक्के, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी कमी पडली नाही. फुफ्फुसाबाहेर हवा साठणं मात्र ३.३ विरुद्ध २८.३ टक्के. गाठ छातीच्या भिंतीला लागूनच असेल आणि जवळ नलिका नसेल तर छातीतून जाणं आजही योग्य, पण सरसकट सगळ्यांना तेच सांगणं चूक.

"कॅन्सर नाही आला, विषय संपला"

रिपोर्टवर टीबीचे जंतू, बुरशी, हॅमार्टोमा (कॅन्सर नसलेली एक गाठ) असं ठोस काही नाव असेल तर ते निदान. "नॉनस्पेसिफिक इन्फ्लमेशन" (नेमकं कारण न सांगणारी सूज) किंवा "नॉर्मल लंग टिश्यू" असेल तर सुई-फोर्सेप्स गाठीत गेले की शेजारी हेच अजून ठरलेलं नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी मिळून जी व्याख्या दिली तीसुद्धा कडक आहे, असल्या रिपोर्टला निदान झालं असं धरायचं नाही. तेव्हा असा रिपोर्ट हातात आला तर फाइल मिटवू नका, पुढचा सीटी कधी, पुन्हा बायोप्सी करायची का आणि या वेळी कोणत्या हत्याराने, हे त्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्या.