नऊ वॅटची आई

पिल्लं आणली ती अंड्यांसाठी, म्हणजे घरात तरी तसंच सांगितलं. खरं म्हणजे शनिवारच्या बाजारात मी कांदे आणायला गेलो होतो आणि एका बाईच्या डालग्यात गिरीराजची पिल्लं दिसली आणि कांदे राहिले. गिरीराज म्हणजे आपल्या बेंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार केलेली जात, परसात मोकळी हिंडून वाढते, लाड लागत नाहीत, असं ती बाई म्हणाली. लाड लागत नाहीत हे ऐकूनच आठ घेतली. कालच अंड्यातनं बाहेर आलेली आठ पिल्लं, खोक्यात भोकं पाडून, स्कूटरवर पायात ठेवून बेळगावजवळच्या आमच्या मच्छे गावापर्यंत, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला खोक्यातनं आठ तक्रारी.

गेटात शिरतोय तोवर भिंतीपलीकडनं शेजारच्या अक्कांनी विचारलं, "कोळी मरी तंदी एनो तम्मा?" आता कन्नडात कोळी म्हणजे कोंबडी आणि मरी म्हणजे पिल्लू हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक, पण बायको नाशिकची. ती पदर खोचून बाहेर आली, "कुठला कोळी मेला?" तिला वाटलं पलीकडच्या गल्लीत कुणी गेलं. समजावून सांगितल्यावर तिचा चेहरा बघितला आणि वाटलं, खरंच कुणी गेलं असतं तर एवढं वाईट वाटलं नसतं.

मोबाईलवर रात्रीपर्यंत सगळं वाचून काढलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ डिग्री ऊब पाहिजे, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं, त्यासाठी वर बल्ब लावायचा. बल्ब ना, घरात पडलेत की! टीव्हीच्या जुन्या खोक्यात पेपर अंथरला, वर नऊ वॅटचा एलईडी लटकवला, खोक्यात कसा लख्ख उजेड पडला, फोटो काढून ग्रुपवर टाकला, अंगठे आले, झोपलो. रात्री अकराला असा कल्लोळ सुरू झाला की बाबा काठी घेऊन बाहेर आले. आठही पिल्लं कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून ओरडतायत. बाबांनी खोक्यात हात घातला, बल्बला हात लावला आणि म्हणाले, "काय करूलालास रे? उजेड आहे, ऊब कुठाय? ही काय अभ्यास करणार आहेत?"

एलईडी तापत नाही, त्यात त्याचं कौतुक आहे, आणि माझ्या पिल्लांना नेमका तापणाराच पाहिजे होता. सकाळी जुना पिवळा बल्ब शोधत चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदारानं माळ्यावरचा धुळीनं माखलेला साठ वॅटचा काढून दिला आणि विचारलं, "देवघराला काय?" मी होय म्हटलं. कोंबड्यांना म्हणायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पेपरनं घात केला. गुळगुळीत कागदावरनं एका पिल्लाचे पाय दोन्ही बाजूला घसरले ते तसेच राहिले, भरतनाट्यमला बसल्यासारखं. मग पेपर काढून राईस मिलमधनं भाताचं तूस आणलं, आणि त्या पिल्लाच्या दोन पायांना मधे अंतर ठेवून पट्टी चिकटवली, दोन दिवसांत ते सरळ चालायला लागलं. पाण्याच्या वाटीत बुडू नयेत म्हणून खडे टाकले. एकाची मागची बाजू विष्ठेनं चिकटून बंद झाली होती, ती कोमट पाण्यात कापूस बुडवून मी साफ केली. हे काम करताना ऑफिसचा फोन आला होता आणि मी "मीटिंगमध्ये आहे" म्हटलं, एवढंच सांगतो.

तिसऱ्या रात्री पाऊस आला, आणि आमच्याकडं ढग नुसता गुरगुरला तरी करंट जातो. रात्री दोनला गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, खोकं मांडीवर घेतलं आणि उजाडेपर्यंत दर पाऊण तासानं पाणी बदलत बसलो. बायको एकदा पाणी प्यायला उठली, माझ्याकडं बघून म्हणाली, "आपला बाळ लहान होता तेव्हा तू घोरत होतास."

सकाळी अक्कांना हे सगळं सांगितलं. त्यांची एक तांबडी कोंबडी आठवडाभर खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या नादात, रिकाम्या बुट्टीत बसून होती, खाली एक अंडं नाही तरी उठायला तयार नाही. त्यांनी संध्याकाळी बुट्टीसकट तिला आमच्या पडवीत आणून ठेवलं आणि अंधार पडल्यावर एकेक पिल्लू मागनं तिच्या पोटाखाली सरकवलं. दिवसा दिली तर टोचते, अंधारात तिला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कोंबडीनं जरा कुर्र केलं, पंख पसरले, आणि आठही पिल्लं आत गडप. आवाज बंद. ३५ डिग्री मोजायला थर्मामीटर नाही, वायर नाही, काही नाही. सवयीनं मी रात्री दोनला उठलो, आत हात घालून ऊब बघायला गेलो आणि तिनं करंगळी फोडली. तीन रात्री जागलेला मी, आणि मला घुसखोर ठरवून मोकळी.

सातव्या दिवशी लासोटाची लस. राणीखेत रोगावरची ही लस एकेक थेंब डोळ्यात घालायची, पण सगळ्यात लहान बाटली मिळाली शंभर डोसांची, बर्फ घातलेल्या थर्मासातनं आणली आणि एकदा पातळ केली की तासा-दोन तासांत संपवायची. आठ थेंब पिल्लांना गेले. त्या तांबडीखालनं एकेक ओढून काढताना माझ्या हाताला पडलेल्या टोच्या मोजल्या नाहीत, पण त्या आठापेक्षा जास्त होत्या. उरलेले ब्याण्णव डोस घेऊन गल्लीत विचारत फिरलो, "तुमच्याकडं कोंबड्या हाईत काय ओ?" लोक दार लावून घ्यायचे, त्यांना वाटलं मी विकतोय.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली आणि ऊन पडलं म्हणून परसात सोडली. चहा घेऊन बाहेर येतो तर तांबड्या मातीत आई आणि आठही जणं आडवी, एकाचा पाय वर, एकाची मान वाकडी, पंख फडफडतायत. म्हटलं झालं, लस फुकट गेली, राणीखेतच हा! कप टाकून ओरडत पळालो. अक्का भिंतीवरनं वाकून बघत पोट धरून हसायला लागल्या, "सायाकत्तिल्ल तम्मा, जळका माडाकत्ताव!" मरत नाहीत रे बाबा, अंघोळ करतायत.

तेवढ्यात आतनं बायकोचा आवाज, "आता कुठला कोळी मेला?"