एका ताऱ्याला उत्तर: ३३ नंबरची कॅसेट ही आमची चूक, कोरी बाजू नाही

नमस्कार. तुम्ही तीन कॅसेट घेतल्या आणि एक तारा दिलात. तक्रारी अशा: नॉइजची (गोंगाटालाच संगीत मानणाऱ्या प्रकाराची) कॅसेट बद्द वाजते, ‘फाटते’ आणि डावीकडचा आवाज मधूनच जातो, हार्डकोर (वेगवान, आक्रमक पंक) ईपीची, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमची, दुसरी बाजू कोरी निघाली, पंक संकलनाची सी-६० (साठ मिनिटांची कॅसेट) प्लेअरने खाल्ली, कव्हर म्हणजे नुसतं झेरॉक्स. शेवटी विचारलंत, ‘असल्या गोंगाटात चूक कुठली आणि संगीत कुठलं, हे दुकानदाराला तरी कळतं का?’ कळतं. म्हणूनच उत्तर लांबलंय.

आधी नॉइज, कारण तिथं दोष आमचा आहे. त्या कॅसेटच्या ४० प्रती काढल्या. १ ते २० एका डेकवर (कॅसेट भरायच्या यंत्रावर), २१ ते ४० दुसऱ्यावर. तुमची ३३ नंबरची. आमच्याकडे राखून ठेवलेली ४० नंबरची वाजवून पाहिली, तीही बद्दच. दुसऱ्या डेकच्या हेडचा, म्हणजे फितीवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा, अझिमथ (फितीशी असलेला कोन) सरकला होता. हेडमधली बारीक फट फितीच्या धावेशी बरोबर ९० अंशांत लागते. फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लहर फितीवर पाच मायक्रॉनसुद्धा भरत नाही. भरताना आणि वाजवताना फटीचा कोन केसभर वेगळा असला, की फटीच्या एका टोकाला लहरीचा चढ असतो आणि दुसऱ्या टोकाला उतार. दोघं एकमेकांना खातात. खर्ज शाबूत राहतो, वरचा सगळा भाग जातो. ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकरवर गोधडी टाकलीय.

हे आधी का पकडलं नाही? एरवी तपासणी सोपी असते: मोनोचं बटण दाबायचं, वरचा आवाज पडला तर हेड तिरकं. पण या रेकॉर्डिंगमध्ये डावीकडे एक फीडबॅक (माइक-स्पीकरची किंचाळी) आणि उजवीकडे भलताच दुसरा, त्यामुळे मोनो करून काहीच कळत नाही. आता प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंना एकसारखी दहा सेकंदांची खरखर भरतो आणि तीच मोनोत तपासतो. नॉइजच्या कॅसेटवर दहा सेकंद खरखर जास्त झाली म्हणून कुणी भांडायला येणार नाही, एवढी तरी या धंद्यात सोय आहे.

इतरांनी बद्द आवाजाचा दोष आम्हाला देण्याआधी एक करून पाहावं. घरातली कंपनीत भरलेली जुनी अभंगाची कॅसेट लावा आणि टाळ ऐका. टाळ खणखणीत आणि आमची कॅसेट बद्द, तर चूक आमची. टाळही बद्द असतील तर हेड आणि कॅपस्टन (फीत ओढणारा बारीक दांडा) ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, आणि फितीचा प्रकार निवडायचं नॉर्मल-क्रोमचं बटण बघा. आमची फीत साधी फेरिक (लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे ‘नॉर्मल’) आहे. ते बटण क्रोमवर राहिलं तर वरचा आवाज साडेचार डेसिबलच्या आसपास खाली येतो. डॉल्बी (फितीची सरसर कमी करणारी सोय) हीही बंद ठेवा. आम्ही डॉल्बीत भरत नाही. सलग भिंतीसारखा गोंगाट चालू असेल तिथं डॉल्बीने फारसं बिघडत नाही, पण आवाज खाली उतरला की वरचा भाग कापला जातो.

डावीकडचा आवाज जाण्याबद्दल. डावी वाहिनी फितीच्या अगदी कडेला असते, उजवी आतल्या बाजूला. म्हणून कड दुमडली किंवा प्रेशर पॅड (फीत हेडवर दाबणारी गादी) तिरका बसला की आधी डावं जातं. मात्र नॉइजमध्ये एक बाजू मुद्दाम तोडलेलीही असते, तेव्हा सोबतच्या डाउनलोड कोडने फाइल उतरवून तीच जागा ऐका. फाइलमध्येही आवाज तुटत असेल तर ती रचना आहे. फक्त कॅसेटवर आणि दर वेळी त्याच जागी तुटत असेल तर फीत दुखावलीय. दर वेळी वेगळ्या जागी तुटत असेल तर तुमचं हेड मळलंय, नाहीतर पॅड सैल आहे. कॅसेटच्या तोंडाशी, फितीच्या मागे, तांब्याच्या रंगाच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन दिसतो, तो पॅड. तुम्ही टाकलेल्या फोटोत तो डाव्या अंगाला कललेला स्पष्ट दिसतो. या ४० प्रतींसाठी आम्ही जुने शेल (कॅसेटचे प्लास्टिकचे सांगाडे) पुन्हा वापरले होते, ते चुकलं.

‘फाटलेला’ आवाज मात्र बदलून मिळणार नाही. टोकियोत १९७९ साली मेर्झबाऊ हा नॉइज प्रकल्प सुरू झाला तेव्हापासून या संगीताचा कच्चा माल तोच आहे. आमच्याकडून वाढीव फाटू नये म्हणून उलट भरताना आवाजाच्या मीटरवरची टोकं शून्यावर ठेवतो, साध्या पंकला देतो तशी +३ वर नेत नाही. रेकॉर्ड करताना डेक वरचा आवाज वाढवूनच फितीवर लिहितो आणि फेरिक फितीवर तिथंच आधी जास्तीचा आवाज मावेनासा होतो आणि फाटतो.

कोरी बाजू. ईपी सात मिनिटांचं आहे आणि फीत सी-२०, म्हणजे बाजूला दहा मिनिटं. सगळी गाणी ए बाजूला, बी मोकळी. ही खोड जुनी आहे: डेड केनेडीज या अमेरिकन पंक बँडने १९८१ च्या ईपीची कॅसेट काढली तेव्हा सगळी गाणी एका बाजूला घेतली आणि दुसरी बाजू ऐकणाऱ्याला घरी रेकॉर्डिंग करायला कोरी सोडली. कॅसेट ए बाजू समोर, फितीचं तोंड खाली अशी धरा. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं प्लास्टिकचं पान आम्ही मोडलंय, त्यामुळे ए पुसली जाणार नाही. उजवं पान शाबूत आहे, म्हणजे बी बाजूवर तुम्ही काहीही भरू शकता. पण हे आम्ही फक्त आतल्या कागदावर छापलं होतं, विक्रीच्या पानावर नव्हतं. तुमचा राग तेवढ्यापुरता रास्त आहे. आता तिथंही लिहिलंय.

सी-६० कुणी खाल्ली हे अजून ठरायचंय. चक्रात पेन्सिल घालून फिरवा. जड जात असेल तर शेलचे पाच स्क्रू आमच्याकडून जास्त आवळले गेलेत. प्रत्येक पाव फेरा सैल करा. हलकं फिरत असेल तर दोष प्लेअरचा: गुंडाळून घेणाऱ्या चक्राचा बेल्ट सैल, नाहीतर पिंच रोलर (फीत कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक) चिकट. फीत पुढे येत राहते, कुणी ओढून घेत नाही, मग ती कॅपस्टनला वेढे घालते. सुरकुत्या पडलेला तुकडा वाजेल, थोडा हलत वाजेल. तुटलाच तर सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटतात. स्प्लायसिंग टेप (फीत जोडायची खास पट्टी) आम्ही पाठवू.

कव्हर झेरॉक्सच आहे, आणि झेरॉक्सच राहणार.

३३ नंबरच्या बदल्यात नव्या शेलमधली, पहिल्या डेकवर भरलेली प्रत देतो. त्या बॅचमधल्या २१ ते ४० नंबरवाल्या सगळ्यांनाच देतोय, पोस्टाचा खर्च दुकानाचा. सी-६० चं चक्र जड निघालं तर तीही बदलून मिळेल. परत पाठवताना फीत पूर्ण एका बाजूला गुंडाळा आणि कॅसेट डबीतच ठेवा, म्हणजे आतले खुंटे चक्रांना फिरू देत नाहीत. नुसत्या पाकिटात घातलीत तर वाटेत फीत सैल होते, आणि मग पॅडमुळे काय झालं आणि पोस्टामुळे काय, हे आम्हालाही सांगता येणार नाही.