मान कोन पाह्यते?

काळा करकोचा पाहायला म्हणून मी भल्या पहाटे कानटोपी चढवून वर्धा नदीच्या रेतीत पालथा पडलो होतो. युरोप आणि उत्तर आशियातून हिवाळ्यापुरता येणारा हा लाल चोचीचा पाहुणा आमच्याकडे क्वचितच दिसतो. दोन तासांत मिळालं काय, तर धोबी पक्षी, टिटव्या आणि चक्रवाकाची एक जोडी. कवी म्हणतात, यांची रात्री ताटातूट होते. सकाळचा त्यांचा आरडाओरडा ऐकून रात्रच बरी असेल असं वाटलं.

"पटवारी होय का जी?"

मागे घोंगडं पांघरलेले एक बाबाजी, सोबत तीन म्हशी.

"नाही बाबाजी. पक्षी पाहतोय."

"मंग थ्या रेतीवाल्यानं ट्रॅक्टर कायले पळवला?"

म्हणजे माझी दुर्बीण पाहून रेतीचोर पळाला होता आणि त्याच्या फटफटाटाने अख्खा काठ उडाला होता.

"याचे पैसे किती भेटते?"

"काहीच नाही. पेट्रोलही आपलंच."

बाबाजींनी म्हशीकडे पाहिलं. म्हशीने माझ्याकडे.

"बायको काई म्हनत नाही?"

या प्रश्नाला मी सविस्तर उत्तर देत बसलो, इथेच चुकलो. नदीकडे माझी पाठ होती.

"थो पाहा, गेला!" बाबाजींनी काठी उगारली. "मोठा होता जी. काळा. पाय लाल."

वळलो तर आभाळ मोकळं. आता काळं अंग, लाल पाय हे वर्णन पांढऱ्या मानेच्या करकोच्यालाही लागू पडतं, आणि तो बारमाही इथलाच. सगळा खेळ मानेवर.

"मान काळी होती की पांढरी?"

"मान? मान कोन पाह्यते जी, गेला ना थो!"

मोबाईलवर फोटो दाखवले. काळ्या मानेचा: "हाच." पांढऱ्या मानेचा: "हाबी." तिसरा चुकून माझ्या साळ्याचा निघाला. तो त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ न्याहाळला.

राजस्थानात खीचनला म्हणे गावकरी कांड्या करकोच्यांना धान्य टाकतात. आमच्याकडे पक्षी बसायला रेती शिल्लक राहिली तरी पुष्कळ. रेतीवाल्याला मी पटवारी वाटलो, पण खरा पटवारी मला या काठावर चार हिवाळ्यांत एकदाही दिसलेला नाही. काळ्या करकोच्याहून दुर्मिळ.

वहीत 'काळा करकोचा' लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. म्हशी हाकताना बाबाजी म्हणाले, "उद्या या. थो तं रोजच येते."

दुर्बीण पिशवीत गेली तसा पलीकडे ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला.