विश्रामगृहाचा रंग आणि टँकरची लॉगबुके

आज सकाळच्या पेपरात, आमच्या जिल्ह्याच्या पानावर, विधिमंडळाची समिती पाहणीसाठी येत असल्याची बातमी आहे. विश्रामगृहाची रंगरंगोटी सुरू झाली आहे, अधिकाऱ्यांच्या रजा रद्द झाल्या आहेत आणि ज्या रस्त्यावरून गाड्यांचा ताफा जाणार आहे त्यावरचे खड्डे मुरमाने बुजवले जात आहेत. मित्रमंडळींच्या ग्रुपवर लगेच प्रतिक्रिया सुरू झाल्या: येतील, मटणावर ताव मारतील, पाकीट घेतील आणि जातील, या समित्याच बरखास्त करा. तिथे मी गप्प बसलो, कारण मला जे म्हणायचे आहे ते दोन ओळींत मावणारे नव्हते. राग मलाही येतो, पण तो समित्या असण्याचा नाही.

मी पंचायत समितीत पाणीपुरवठ्याच्या टेबलावर कनिष्ठ सहायक होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. दुष्काळी वर्ष होते आणि विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजे आमच्या भाषेत पीआरसी, आमच्या जिल्हा परिषदेत आली होती. त्याआधी आठवडाभर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून लेखापरीक्षणातील आक्षेपांचे अनुपालन लिहीत होतो. जिल्हा परिषदेच्या सभागृहात समितीपुढे अधिकाऱ्यांची साक्ष सुरू झाली आणि पहिला तासभर नेहमीसारखाच गेला. प्रश्न मोघम आणि उत्तरे त्याहून मोघम. मग विदर्भातले एक वयस्कर आमदार, जे तोवर एक शब्दही बोलले नव्हते, त्यांनी दोन कागदपत्रे मागितली: हातपंप दुरुस्तीची नोंदवही आणि टँकरच्या खेपांची लॉगबुके. ती मीच नेऊन दिली, म्हणून पुढचे सगळे मला जवळून दिसले. त्यांनी एका गावाच्या नावाखाली बोट ठेवले. नोंदवहीनुसार त्या महिन्यात गावातले सगळे हातपंप पाइप बदलून चालू झालेले होते आणि लॉगबुकानुसार त्याच महिन्यात त्याच गावाला रोज टँकर जात होता, कारण टँकरच्या प्रस्तावात गावात पाण्याचा कोणताही उद्भव शिल्लक नसल्याचे लिहिले होते. आमचे साहेब म्हणाले, “माहिती घेऊन सादर करतो.” त्यावर ते आमदार आवाज न चढवता म्हणाले, “माहिती माझ्यासमोरच आहे. या दोन्ही नोंदी एकाच वेळी खऱ्या कशा, तेवढे सांगा.”

सरकारी खात्याची छाननी म्हणजे एवढेच असते, आणि हे काम विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सभागृहात होत नाही. सभागृहात मंत्री बोलतात, आणि मंत्र्यांना बोलण्याची सवय असते. समितीपुढे मात्र खात्याचा सचिव बसतो, त्याच्यासमोर त्याच्याच खात्याचे कागद असतात आणि मंत्र्याची ढाल नसते. संसदेची लोकलेखा समिती १९२१ पासून आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून. तिच्यावर लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. आपल्या बीडचे खासदार असताना गोपीनाथ मुंडे यांच्याकडेही काही काळ ते पद होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल पटलावर ठेवला जातो तेव्हा एक दिवस मथळे होतात आणि आपण विसरतो. त्यातला एकेक परिच्छेद घेऊन सचिवाला विचारण्याचे काम त्यानंतर ही समिती करते. शिवाय १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. सुरुवातीला त्या १७ होत्या, आता २४ आहेत, आणि प्रत्येकीवर दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात. अर्थसंकल्पानंतर सभागृहाला सुटी असते त्या काळात खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी खर्चासाठी मागितलेले पैसे, याच समित्या तपासतात.

आणि त्यानंतर काय होते? हे लिहितानाच माझा पारा चढू लागला आहे. मोजक्या खात्यांच्या मागण्यांवर चर्चा होते आणि उरलेल्या, लाखो कोटींच्या, शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून चर्चेविना एकगठ्ठा मंजूर केल्या जातात. ३१ जणांनी बसून लिहिलेल्या अहवालावर सभागृहात बहुधा चर्चा होत नाही. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. सरकार उत्तर देते की शिफारस ‘नोंद घेण्यात आली’, आणि त्या उत्तरावर समिती पुन्हा एक अहवाल काढते. स्थायी समितीची मुदतही एकच वर्षाची, म्हणजे एखाद्या खासदाराला खात्याचे कागद वाचता येऊ लागेपर्यंत त्याची बदली दुसऱ्या समितीवर झालेली असते. विधेयकांची तऱ्हा तर याहून वाईट. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत ते प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले. ज्यांना घाई असते त्यांना प्रश्न नको असतात, आणि हे कोणत्याही एका पक्षाचे वैशिष्ट्य आहे असे मला वाटत नाही.

ग्रुपवरच्या मित्रांचे एक म्हणणे मला मान्य करावेच लागते. २०२५ च्या मे महिन्यात धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात, विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा असताना, एका खोलीतून दीड कोटीहून अधिक रोकड निघाली. त्यानंतर समिती हा शब्द उच्चारताच लोक हसले तर त्यांचा दोष नाही. पक्षीय भिंतीही समितीच्या दारात गळून पडत नाहीत. २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रम वाटपाच्या मसुदा अहवालावरून लोकलेखा समितीत जी फूट पडली ती सर्वांनी पाहिली आहे. ठीक आहे. पण म्हणून समित्याच नकोत म्हणणारे नेमके कोणाच्या सोयीचे बोलत आहेत? समिती बरखास्त झाली तर सर्वांत आधी पेढे खात्यातच वाटले जातील, हे मी त्या टेबलावर नोकरी करून सांगतो.

त्या दिवशी त्या दोन वह्या शेजारीशेजारी आल्या नसत्या, तर आमच्या कार्यालयातल्या कोणालाही काही विचारावेसे वाटले नसते, कारण दुरुस्तीची वही एका कपाटात होती आणि लॉगबुके दुसऱ्या, आणि दोन्ही कपाटांच्या किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे होत्या. लेखापरीक्षकांनी दोन्ही स्वतंत्रपणे तपासून दोन्हींवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. पुढे वसुलीची शिफारस झाली, हे खरे; अहवाल यायला मात्र इतका वेळ लागला की संबंधित अभियंता तोवर निवृत्त झाला होता. त्या आमदारांचे नाव दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नव्हते. पेपरात समितीच्या जेवणाचा बेत होता.

जे आमच्या तालुक्यात हातपंपांचे झाले, तेच मोठ्या प्रमाणावर नळांचे होत असल्याची मला शंका आहे. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ देण्याचे ठरले आणि मग मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. संकेतस्थळावर नळजोडण्यांचा आकडा वाढत जातो आणि उन्हाळा लागला की मराठवाड्यात टँकरही धावतात. जोडणी आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य; पण ते खात्याच्या सचिवाने समितीपुढे बसून, गावाचे नाव घेऊन सांगावे. जलशक्ती मंत्रालयासाठी संसदेत जलसंसाधनविषयक स्थायी समिती आहे. आपल्या मराठवाड्याच्या खासदारांपैकी तिच्यावर कोण आहे आणि त्यांनी बैठकीत काय विचारले, हे आपल्याला कळायला हवे. पण कळणार कसे? सभागृहातला गोंधळ थेट प्रक्षेपित होतो आणि साक्ष मात्र बंद दाराआड होते. कॅमेरा नसला की सदस्य पक्ष विसरून बोलतात असे सांगतात, असेलही. निदान अहवाल मांडल्यावर तरी प्रश्नोत्तरांचे शब्दशः टिपण लोकांना सहज मिळावे, एवढी मागणी जास्त नाही.

आता थोडे शांतपणे, कामाचे. माझ्या गावाची नळजोडणीची यादी आणि गेल्या उन्हाळ्यातल्या टँकरच्या खेपांचा तपशील मी माहितीच्या अधिकारात मागवला होता. दोन्ही कागद आले आहेत. समिती येईल तेव्हा निवेदनासोबत दोन्हींच्या प्रती समितीच्या अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घेणार आहे. सकाळी हसणाऱ्या मित्रांपैकी ज्यांना आपापल्या गावांचे कागद जोडायचे असतील, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवावे. अर्जाचा नमुना माझ्याकडे तयार आहे. फक्त छायांकित प्रतीवर गावाचे नाव आणि महिना नीट वाचता येतो की नाही, ते आधी पाहून घ्या.