हरकत घ्यायला हरकत नाही

अभिनंदन! नगराच्या नियोजन मंडळावर तुमची नेमणूक झाली आहे. आजवर एखाद्या बोजड इमारतीसमोरून जाताना "हिला परवानगी दिली तरी कुणी?" असं तुम्ही पुटपुटायचात. यापुढे पुटपुटू नका. कुणी उत्तर दिलं तर पंचाईत व्हायची.

नव्या सभासदाला वाटतं, मंडळाचं काम म्हणजे प्रस्ताव मंजूर करायचा किंवा नामंजूर करायचा. मंजूर केला तर शेजारीपाजारी तुमच्या दारात येतात, नामंजूर केला तर अर्जदार लेखी कारणं मागतो आणि अपिलात जातो. शहाणा सभासद या दोन्ही भानगडींत पडत नाही. तो म्हणतो, "अधिक माहिती मागवावी." कसली माहिती, हे सांगायची घाई करू नका. सावलीचा अभ्यास आहे का? मग वाहतुकीचा मागवा. वाहतुकीचा आहे? तो पावसाळ्यात केला होता की उन्हाळ्यात, ते विचारा. तिकडे अर्जदाराच्या कर्जावर व्याज चढत असतं. तीन बैठकांनंतर तो स्वतःच येऊन सांगतो, दोन मजले कमी करतो, पण एकदाचं काय ते सांगा. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत आणि दोन मजले हवेत विरले. त्या दोन मजल्यांवर जे राहणार होते त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून तक्रार येण्याचा संभव शून्य. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नकाशा वाचता येत नसेल तर संकोच करू नका. दर्शनी भिंतीकडे वळा. विटेचा रंग कोणता, असं विचारा. मग म्हणा, "खिडक्यांना लय नाही." या वाक्याला वास्तुविशारदाकडे उत्तर नसतं, कारण त्यात प्रश्नच नाही. विटेवर पाऊण तास गेला की विषयपत्रिकेतला पुढचा विषय येतो: अमुक ते तमुक सर्व्हे नंबरांचा भूवापर बदल. दोन ओळींचा रुक्ष मजकूर, सोबत एक फिकट नकाशा. एव्हाना सगळे दमलेले असतात. वाचला असं समजून तो मंजूर होतो आणि पुढची पन्नास वर्षं तिथे कोण राहील, कोण राबेल, पाणी कुठून वाहील, हे ठरून जातं. वीट मात्र मातकट की तांबूस, यावर उपसमिती नेमलेली असते.

नियम मुळात आले कशासाठी, असं कुणी विचारलं तर सावलीची गोष्ट सांगा. गोष्ट खरी आहे आणि ऐकायलाही बरी आहे. 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. जागा एक एकराहून थोडी कमी, मजले 38, सगळ्या मजल्यांचं मिळून चटईक्षेत्र भूखंडाच्या सुमारे तीसपट. पदपथापासून निघालेली भिंत थेट आभाळात. तिची सावली सात एकरांवर पडते अशी ओरड झाली आणि 1916 मध्ये शहराने झोनिंगचा, म्हणजे कुठल्या विभागात काय आणि किती उंच बांधायचं हे ठरवून देणारा, ठराव केला. उंच जायचं असेल तर पायरीपायरीने मागे सरा, म्हणजे खाली रस्त्यावर थोडं ऊन पोचेल. गोष्ट इथेच थांबवा. त्याच ठरावामागे फिफ्थ अव्हेन्यूवरच्या बड्या दुकानदारांचाही जोर होता, हे सांगत बसू नका. त्यांना सावलीचं दुःख नव्हतं. जवळच्या कपड्यांच्या कारखान्यांतले कामगार दुपारच्या सुट्टीत पदपथावर येऊन उभे राहायचे आणि त्या गर्दीतून जाताना श्रीमंत गिऱ्हाइकांना कसंसंच व्हायचं. कारखाने हलवले की कामगार आपोआप हलतात. माणसं नकाशावरून काढायची असली तरी कागदोपत्री सावलीच लिहायची असते.

अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहराला ही समज नव्हती. कुठल्या वर्णाच्या माणसाने कुठल्या गल्लीत राहायचं, हेच त्यांनी सरळ कायद्यात लिहून टाकलं. 1917 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. त्यातून तिथली नगरं शहाणी झाली. माणसाबद्दल अवाक्षर न काढता भूखंडाचं किमान क्षेत्रफळ तेवढं लिहायचं. एवढा मोठा भूखंड कुणाला परवडतो आणि कुणाला नाही, ते बाजार बघून घेतो. मंडळाचे हात स्वच्छ.

नऊ वर्षांनी, 1926 मध्ये, त्याच न्यायालयाने ओहायो राज्यातल्या युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात झोनिंगला पक्का आधार दिला. (गावाचं नाव भूमितीवाल्या युक्लिडवरूनच पडलेलं. भूमितीचा पुढच्या प्रकाराशी संबंध नाही.) निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सदरलँड यांनी सदनिकांच्या इमारतीला चक्क परोपजीवी म्हटलं: बंगल्यांनी राखलेल्या मोकळ्या हवेवर येऊन जगणारी. उपद्रव म्हणजे काय हे समजावताना त्यांनी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचा दाखला दिला. प्राण्यात दोष नाही, जागा चुकली, इतकंच. तुम्हाला अशी भाषा वापरता येणार नाही, काळ बदललाय. तुम्ही म्हणायचं, "परिसराचं स्वरूप बिघडेल."

परिसराचं स्वरूप! या शब्दांची सवय करून घ्या, तुमच्या कारकिर्दीतले निम्मे निर्णय यांच्यावर उभे राहतील. व्याख्या विचारू नका, ती कुठे सापडत नाही. माझा अंदाज असा, की आपण तिथे राहायला आलो त्या संध्याकाळी परिसर जसा होता, ते त्याचं स्वरूप. त्याआधी तिथे जे शेत होतं त्याचं स्वरूप आपल्या घराने बिघडवलं, हा मुद्दा विचारात घेता येत नाही. शेताने मुदतीत हरकत नोंदवलेली नाही.

काही जपायचंच असेल तर ते नेमकेपणाने जपता येतं, हे मलाही मान्य आहे. लंडनच्या रिचमंड पार्कमध्ये एक टेकाड आहे. तिथून सेंट पॉल्स कॅथेड्रलचा घुमट सुमारे 16 किलोमीटरवरून दिसतो. तो दिसत राहावा म्हणून त्या रेषेत इमारतींच्या उंचीवर बंधन आहे आणि टेकाडाजवळच्या झाडोऱ्यात एक फट मुद्दाम कातरून ठेवलेली असते. मला हा वेडेपणा मनापासून आवडतो. काय जपायचं ते ठरलं, रेष आखली, बाकीच्यांना मोकळं सोडलं. पण तुमच्या मंडळात असं काही लिहून ठेवू नका. लिहिलं की अर्जदार ते वाचतो, वाचलं की पाळतो आणि मग तुम्हाला करण्यासारखं काही उरत नाही. जपानने हीच घोडचूक केलीय. सगळ्या देशाला मिळून 13 प्रकारचे विभाग, नियम आधीच छापलेले, नियमात बसत असेल तर बांधा. तिथला शेजारी संध्याकाळी वेळ कसा घालवतो कोण जाणे.

सगळे मुद्दे संपले तर पार्किंग काढा. 1923 मध्ये ओहायोतल्या कोलंबसने सदनिकांच्या इमारतींना पार्किंग सक्तीचं केलं आणि पुढे ही प्रथा जगभर गेली. एका गाडीला, वळायच्या जागेसकट, सुमारे 30 चौरस मीटर लागतात. तेवढ्या जागेत एखादा माणूस बऱ्यापैकी राहू शकतो. पण गाडीला जागा देणं सक्तीचं आहे, माणसाला देणं ऐच्छिक. अमेरिकेतल्या बफेलोसारख्या शहराने 2017 मध्ये ही किमान पार्किंगची अट शहरभर काढून टाकली आणि शहर अजून जागेवर आहे, असं कुणी सुनावणीत सांगितलं तर "आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे" म्हणा. ती कुठेही वेगळीच असते.

आता सुनावणी. हा मंडळाचा खरा उत्सव. वेळ अशी ठेवा, की कामावर असलेल्याला, लहान मूल असलेल्याला आणि भाड्याची खोली शोधत फिरणाऱ्याला येणं जमू नये. हे मुद्दाम करावं लागत नाही, कुठलीही वेळ ठेवली तरी तसंच होतं. बोस्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या 97 शहरा-गावांच्या अशा सभांची इतिवृत्तं वाचून काढली. बोलणारे बहुतेक घरमालक, वयाने मोठे, त्या भागात बरीच वर्षं काढलेले. नव्या घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम 15 टक्के. पुढे महासाथीत सभा ऑनलाइन झाल्या, आता घरबसल्या सगळे बोलतील असं वाटलं, तर पडद्यावरही तीच मंडळी. फरक इतकाच, की आता त्यांच्या मागे त्यांची घरं दिसू लागली.

सभागृहात ही मंडळी नीट ऐकून घ्या. प्रत्येक जण "माझा विकासाला विरोध नाही" इथून सुरुवात करील. त्यानंतर "पण" येईल. त्या "पण"नंतरचं काही खोटं नसतं, हे खरं दुखणं आहे. कुणाच्या खिडकीतलं ऊन जाणार असतं, कुणाची गल्ली खरोखरच अरुंद असते, कुणी बिल्डरकडून आधी फसलेलं असतं. अशांचा आवाज बारीक असतो आणि तो "स्वरूप"वाल्यांच्या गलक्यात बुडतो. तुम्ही दोघांचीही नोंद एकाच ओळीत करा: "हरकती प्राप्त." क्रमांक दिले की हरकती सारख्या दिसतात.

एक खुर्ची मात्र रिकामी असेल, तिच्याकडे बघू नका. ज्याला या इमारतीत राहायचं आहे त्याची ती. तो अजून इथला रहिवासी नाही, म्हणून त्याला मत नाही. मत नाही म्हणून इमारत होत नाही, आणि इमारत होत नाही म्हणून तो इथला रहिवासी होत नाही. इतकं सुबक वर्तुळ खुद्द युक्लिडलाही जमलं नसतं. हा माणूस कधीच आरडाओरडा करत नाही, निवेदन देत नाही. तो फक्त दुसऱ्या गावात राहतो आणि रोज दोन तास प्रवास करून तुमच्या गावात कामाला येतो. त्याच्या गाडीमुळे रहदारी वाढते आणि ती वाढलेली रहदारी पुढच्या सुनावणीत पहिली हरकत म्हणून नोंदवली जाते.

आणखी एक काळजी घ्या. मंडळाचे नियम चुकूनही स्वतःच्या घराला लावून बघू नका. सॉमरव्हिल हे बोस्टनला लागून असलेलं सुमारे 80 हजार वस्तीचं शहर. तिथल्या नियोजन खात्याने काही वर्षांपूर्वी हा उद्योग केला. शहराच्या झोनिंग नियमांत पूर्णपणे बसणारी घरं किती निघाली? 22. मॅनहॅटनमधल्या इमारतींचंही असंच. त्यांतल्या साधारण 40 टक्के आजच्या नियमांनी बांधताच येणार नाहीत, असा हिशेब 2016 मध्ये छापून आला होता. लोक हौसेने जे शहर बघायला जातात, ते बरंचसं आज बेकायदा ठरेल. तुमचं घर किती सेंटिमीटरने बेकायदा आहे, हे कळून झोप उडण्यापेक्षा न कळलेलं बरं.

तरीही एक दिवस वेळ येईल. मुलगी शिक्षण संपवून परत यायचं म्हणेल, तिला याच गावात नोकरीही मिळालेली असेल आणि राहायला जागा मिळत नसेल. तिचा पगार ऐकून घरमालक हसतात, असं ती सांगेल. मग तुम्ही आपल्याच घरावर एक खोली चढवायचं ठरवाल, नकाशा काढून घ्याल आणि अर्ज कराल. स्वतःच्या प्रकरणात सभासदाला बसता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी तुम्ही व्यासपीठावरून उतरून समोर बसाल. शेजारची खुर्ची रिकामीच असेल, मुलगी कामावर गेलेली असेल. मागच्या रांगेतला तुमचा वीस वर्षांचा शेजारी उठेल, तुमच्याकडे न बघता म्हणेल, "माझा विकासाला विरोध नाही." त्याचं बोलणं संपल्यावर मंडळावरचा नवा सभासद तुमचा नकाशा जवळ ओढेल, चष्मा पुसेल, बराच वेळ बघत राहील आणि विचारेल, "विटेचा रंग कोणता?"